गुण दहा

प्रश्न तिसरा. टेम्पीच्या स्वभावात
कादंबरीभर होत गेलेला बदल स्पष्ट करा. गुण दहा.

निपाणीत साडेसातला वीज गेली
आणि आईनं कंदील सुपाजवळ ओढला, माझ्याजवळ नाही.
तिला रात्रीत तीनशे वळायच्या होत्या,
मला चाळीस पानं.
शेवटी तह झाला. कंदील मध्ये,
आणि वाचायचं मी, मोठ्यानं.

इंग्रजीचं मराठी करत गेले,
जशी मावशी संकेश्वरच्या बाजारात कानडीतून भाव करते.
आकडे बरोबर, बाकी हातवारे.
मालक. कोठार. उन्हाळा. टेम्पी, वय अंदाजे वीस.

"अंदाजे म्हंजे?"

वहीत तसंच आहे आई. माणसांच्या वहीत,
बैलांच्या पुढच्या पानावर.

दोऱ्याचा फास तिच्या बोटात थांबला.
"आन तिथं पन तंबाखूच?"
तंबाखूच.
"दवात वलं पान तोडलं की दुपारपतूर ओकाऱ्या येत्यात.
ते लिवलंय?"

मी मागं गेले. पान एकोणीस. लिहिलं होतं,
एका ओळीत, दोन स्वल्पविरामांमध्ये.
गाईडमध्ये ती ओळ नव्हती.

गाईडमध्ये होतं:
आरंभी टेम्पी भित्री, आज्ञाधारक.
पुढे मूक असंतोष.
अखेरीस स्वत्वाची जाणीव झालेली बंडखोर स्त्री.
तीन पायऱ्या, पायरीला तीन गुण,
उरलेला एक हस्ताक्षराचा.

आई खोकली. खकाणा घशात बसला की
ती आधी खोकते, मग बोलते,
म्हणून तिचं बोलणं नेहमी जरा उशिरा येतं.

"भित्री कुटनं? पयल्याच भागात पीठ दडवती ती,
चुलीच्या राखंखाली.
भित्र्या बाईला जमतं व्हय हे?
ती न्हाई गं बदलली.
लिवनाराला उशिरा दिसली."

मला ते इतकं आवडलं की पेनच उघडलं.
मनात वाक्य जुळत होतं:
माझी आई म्हणजे निपाणीची टेम्पी.
मनात नसावं, तोंडातून गेलं असावं,
कारण सूप खाली ठेवलं तिनं.

"हे बग.
मुकादम शेकड्यामागं पाच-सात छाट म्हनून काढतो
आन त्याच घरी नेऊन वडतो. खरं हाय.
संपात काठी बसली, हितं, खांद्याला. तेबी खरं.
पन त्या सांजला मी माझ्या घरला आले.
तू उंबऱ्यात हुतीस. शेंबूड फुसला तुझा.
तिचा पोरगा इकला.
माझं दुखनं तिच्या अंगावर घालू नगंस,
तिचं माझ्या."

मग बराच वेळ फक्त कात्री.
पान कापलं जाण्याचा आवाज ओला असतो,
हे मला तोवर माहीत नव्हतं,
त्या आवाजात मी मोठी झाले तरी.

पेपरात मी राखेखालचं पीठ लिहिलं.
दवातल्या ओकाऱ्या लिहिल्या, पानाच्या क्रमांकासह.
पायऱ्या गाळल्या.
दहापैकी चार आले, आणि समासात लाल शाईत
'मुद्दे कुठे आहेत?'

आईला गुणांचं काही नव्हतं.
निकालाच्या दिवशी मी दारात पाय धूत होते,
आणि ती आतूनच म्हणाली,
"सातव्या भागातला त्यो पोरगा.
फुडचं दोन दात पडल्याला.
परत कुटं घावला का?"

नाही आई. त्याचं नाव पुन्हा येत नाही.

"मग चाळीस पानं तू वाचलंस काय?"

पुस्तक दुसऱ्या दिवशी लायब्ररीत द्यायचं होतं.
रात्री उघडलं.
सापडणार नव्हता, ठाऊक होतं.
एकेका ओळीवर बोट ठेवत गेले,
आई छाट शोधते तशी,
आणि ती समोर बसून वळत राहिली,
कंदील या खेपेला न सांगता
माझ्याकडे सरकवून.